अर्धवट अनइन्स्टॉल झालेला अँटीव्हायरस विंडोजमधून समूळ कसा काढायचा?

म्हापशाच्या दुकानातल्या पीसीवरून जुना अँटीव्हायरस काढताना मध्येच वीज गेली आणि आता तो ना धड चालतो ना निघतो, असं तुम्ही लिहिलंय. गोव्यातल्या पावसाळ्यात यात नवल नाही.

अनइन्स्टॉलरच अर्धवट उडाला असेल तर सेटिंग्जमधलं बटण कितीही दाबा, उपयोग शून्य. सरळ त्याच कंपनीच्या साइटवरून रिमूव्हल टूल उतरवा. अँटीव्हायरस आपल्या फाइल्स सहसा कुणाला पुसू देत नाही, त्यामुळे हाताने फोल्डर डिलीट करायच्या भानगडीत पडू नका. टूल अडलं तर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा, सेफ मोडमध्ये (म्हणजे विंडोज फक्त गरजेपुरत्या गोष्टींसह सुरू होतं तिथे) जा आणि तिथून चालवा.

बाकीच्या हट्टी सॉफ्टवेअरसाठी मायक्रोसॉफ्टचा ‘प्रोग्राम इन्स्टॉल अँड अनइन्स्टॉल ट्रबलशूटर’ पुरतो. रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे साठवतं त्या नोंदवहीतल्या, बिघडलेल्या नोंदी तो साफ करतो. एमएसआयवाली (विंडोज इन्स्टॉलरच्या .msi फाइलमधून बसवलेली) सॉफ्टवेअर मात्र नेहमीच्या मोडमध्येच काढा, कारण सेफ मोडमध्ये विंडोज इन्स्टॉलर सेवा एरवी बंदच असते.

उरलेला कचरा प्रोग्रामडेटा (ProgramData) आणि ॲपडेटा (AppData) या लपवलेल्या फोल्डरांत सापडेल. रजिस्ट्रीला हात लावायचाच असेल तर आधी ती एक्स्पोर्ट करून ठेवा. आणि हो, चतुर्थी तोंडावर आहे, बिलिंगचा बॅकअप आधी पेनड्राइव्हवर घ्या.