तुरुंग खाजगी कंपन्यांना चालवायला दिले तर बिघडलं कुठे?

तुम्ही विचारलंय की सरकारी तुरुंगांचा कारभार इतका गचाळ असतो तर ते कंपन्यांना देऊन टाकायला हरकत काय, खर्च वाचेल, स्पर्धा आली की दर्जा पण सुधारेल. प्रश्न रास्त आहे आणि मी खाजगीकरणाच्या सरसकट विरोधातला माणूस नाही. माझं पोटच आउटसोर्सिंगची कंत्राटं वाचण्यावर चालतं. या कामात एक सवय लागते, कंत्राट हातात आलं की आधी पेमेंटचं कलम उघडायचं, दर्जा-बिर्जा, ध्येयधोरणं वगैरे नंतर. पैसा नक्की कशाचा मिळतो हे कळलं की कंत्राटदार पुढे कसा वागणार ते बऱ्यापैकी कळतं, त्याचा स्वभाव चांगला की वाईट हे बघायची गरजच पडत नाही.

तर तुरुंगाच्या कंत्राटात पैसा मिळतो तो बहुतेक करून दर कैद्यामागे, दर दिवसाचा. इथेच सगळी मेख आहे. माणूस सुधारला, बाहेर गेला, परत आलाच नाही तर कंपनीला त्याचं काही मिळत नाही, उलट एक खाट रिकामी होते. आणि रिकामी खाट म्हणजे तोटा, हॉटेलच्या रिकाम्या खोलीसारखा. (योगायोग बघा, या धंद्यातली आजची मोठी अमेरिकन कंपनी कोअरसिव्हिक, तेव्हाचं नाव करेक्शन्स कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका, हिने 1984 मध्ये ह्यूस्टनला आपले पहिले बंदी ठेवले ते खरोखरच एका मोटेलात. तुरुंग बांधून व्हायचा होता आणि कंत्राटाची तारीख आली होती.)

आता कंपनी म्हणणार की आम्ही एवढी गुंतवणूक केली, उद्या कैदीच आले नाहीत तर? तिच्या बाजूने विचार केला तर बरोबरच आहे ते. मग कंत्राटात हमीचं कलम येतं, म्हणजे सरकारने अमुक टक्के खाटा भरलेल्या ठेवायच्या, नाही ठेवल्या तरी तेवढे पैसे द्यायचे. 2013 मध्ये इन द पब्लिक इंटरेस्ट या संस्थेने अशी 62 कंत्राटं तपासली तर त्यातल्या 41 मध्ये ही हमी होती, 80 पासून थेट 100 टक्क्यांपर्यंत. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात 100 टक्केवाली तीन होती. म्हणजे गुन्हे कमी झाले, ही कुठल्याही सरकारला आनंदाची बातमी वाटायला हवी, तर इथे तिचंच बिल येतं.

हे नुसतं कागदावर नाही बरं. ॲरिझोनातच किंगमन नावाच्या ठिकाणी एमटीसी कंपनीचा तुरुंग होता, तिथून जुलै 2010 मध्ये तिघे कुंपण कापून पळाले आणि त्यातल्या दोघांनी व त्यांच्या साथीदार बाईने पुढे न्यू मेक्सिकोत एका वयस्कर जोडप्याचा खून केला. चौकशीत निघालं की कुंपणाचा अलार्म उगाचच इतक्यांदा वाजायचा की गार्ड लोकांनी त्याच्याकडे लक्ष देणंच सोडलं होतं. मग राज्याने धोकादायक कैदी तिथून हलवले आणि नवीन पाठवणं थांबवलं, कुणीही तेच केलं असतं. त्यावर कंपनीने काय करावं, तर कंत्राटात 97 टक्के खाटांची हमी आहे, तुम्ही कैदी पाठवत नाही म्हणून आमचं नुकसान होतंय, भरपाई द्या असा दावा लावला! आणि राज्याने 30 लाख डॉलर दिले. ज्याच्या ढिसाळपणामुळे कैदी पळाले त्यालाच भरपाई. मी कंत्राटं वाचतो म्हणून सांगतो, यात बेकायदा काहीच नाही, सही झालेल्या कागदावर जे लिहिलं होतं तेच झालं, आणि मला त्याचाच जास्त त्रास होतो.

आता खर्च वाचतो या मुद्द्याकडे येऊ. तुरुंग चालवण्यात सगळ्यात मोठा खर्च माणसांचा असतो, भिंती एकदा बांधल्या की झालं. त्यामुळे नफा काढायचा तर गार्ड कमी ठेवा, त्यांना पगार कमी द्या, ट्रेनिंग आटोपशीर करा, एवढंच हातात उरतं, दुसरी कुठली जादू नाही. शेन बाउअर या पत्रकाराने लुइझियानातल्या एका खाजगी तुरुंगात गार्ड म्हणून नोकरी धरली होती तेव्हा पगार होता तासाला 9 डॉलर. अशा पगारावर लोक टिकत नाहीत, रोज नवी भरती, अनुभव कुणाकडेच नाही, आणि कैद्यांना हे लगेच कळतं, त्यांच्यापेक्षा जास्त बारकाईने गार्डकडे कोण बघणार. आयडाहोत कोअरसिव्हिकच्याच (तेव्हा जुनं नाव) तुरुंगाला कैद्यांनी ग्लॅडिएटर स्कूल असं नाव पाडलं होतं, इतकी मारामारी. पुढे कंपनीने मान्य केलं की गार्ड ड्युटीवर होते असे जवळपास 4,800 तास रेकॉर्डवर खोटे दाखवले होते. म्हणजे जागेवर माणूस नाही आणि बिल मात्र लागलंय. 2014 मध्ये राज्याने तो तुरुंग परत स्वतःकडे घेतला.

हे फक्त अमेरिकेचं आहे असं वाटत असेल तर ब्रिटनचं बर्मिंगहॅम बघा, 2011 मध्ये सरकारी तुरुंग जी4एस कंपनीला चालवायला दिला, 2016 च्या डिसेंबरात मोठी दंगल, आणि ऑगस्ट 2018 मध्ये तपासणी अधिकारी आत गेले तर काही गार्ड स्वतःच ऑफिसात आतून कडी लावून बसलेले. सरकारने ताबा परत घेतला. न्यूझीलंडमध्ये माउंट ईडनला सर्को कंपनी चालवत असलेल्या तुरुंगात कैद्यांच्या कुस्त्या, खरं तर मारामारीच, लावल्या जायच्या त्याचे मोबाइलवरचे व्हिडिओ 2015 ला बाहेर आले, तिथेही तेच, सरकार परत आत. देश कुठलाही घ्या, गोष्ट तीच.

बरं एवढं करून स्वस्त तरी पडतं का? तुलना करताना एक गोष्ट बघायला लोक विसरतात, कैदी कोणते दिलेत ते. ॲरिझोनात खाजगी तुरुंगांकडे गंभीर आजारी, मानसिक उपचार चालू असलेले, महागात पडणारे कैदी पाठवलेच जात नव्हते, ते सरकारी तुरुंगाच्या गळ्यात. मग खाजगीचा दर माणशी खर्च कमी दिसणारच की. तब्येतीचा हा फरक धरून हिशोब केला की बचत जवळजवळ विरघळून जाते. आणि पळालेल्यांना शोधायचा खर्च, दंगलीनंतरचा खर्च, कोर्टकचेऱ्या, हे तर सरकारच्याच खात्यात.

स्पर्धेचं म्हणाल तर स्पर्धा तेव्हा काम करते जेव्हा गिऱ्हाईक उठून दुसरीकडे जाऊ शकतं. इथे सेवा भोगणारा कैदी, पैसे भरणारं सरकार, आणि कैदी काही जेवण वाईट आहे म्हणून समोरच्या तुरुंगात जाऊ शकत नाही. सरकार तरी जाऊ शकतं का? कागदावर हो. प्रत्यक्षात आपले तुरुंग बंद केलेले, अनुभवी स्टाफ गेलेला, बिल्डिंग कंपनीची, मग दीड हजार माणसं रात्रीतून हलवणार कुठे. अमेरिकेत तर दोनतीन कंपन्यांच्याच हातात बहुतेक सगळा धंदा आहे, म्हणजे ॲरिझोनाने किंगमन 2015 च्या दंगलीनंतर एमटीसीकडून काढून घेतला तो दिला कुणाला, तर जिओ ग्रुपला, म्हणजे त्याच धंद्यातल्या दुसऱ्या बड्या कंपनीला.

यापुढचा भाग मला सगळ्यात जास्त खटकतो. शिक्षा किती ते कोर्ट ठरवतं हे खरं, पण आतल्या वागणुकीवरून सूट मिळते, पॅरोल मिळतो, आणि वागणुकीची नोंद लिहितो कोण? कंपनीचा माणूस. अनिता मुखर्जी या अर्थतज्ज्ञ बाईंनी मिसिसिपीच्या कैद्यांचा अभ्यास केला त्यात दिसलं की खाजगी तुरुंगातले कैदी तशाच इतर कैद्यांपेक्षा साधारण दोनतीन महिने जास्त आत राहतात, आणि शिस्तभंगाच्या नोंदी त्यांच्या नावावर जास्त. मी असं म्हणत नाही की कुणी मॅनेजर मुद्दाम बसून खोट्या नोंदी करत होता. त्याची गरजच नाही. नोंद करायची की सोडून द्यायची असा प्रश्न रोज शंभरदा येतो, आणि कुठल्या बाजूला झुकलं तर कंपनीचा फायदा हे सगळ्यांना माहीत असतं.

मुद्दाम केलं तर काय होतं त्याचंही उदाहरण आहे, पेनसिल्व्हेनियात लुझर्न काउंटीत दोन न्यायाधीश होते, सियावरेला आणि कोनाहन. काउंटीचं स्वतःचं बालसुधारगृह बंद पाडलं, खाजगी सुधारगृह उभं राहिलं, ते बांधणाऱ्याकडून आणि मालकाकडून दोघांनी मिळून 28 लाख डॉलर घेतले, आणि पोरांना क्षुल्लक गोष्टींवरून आत पाठवत राहिले, एका मुलीने शाळेच्या व्हाइस प्रिन्सिपलची टिंगल करणारं वेबपेज बनवलं म्हणून तिला तीन महिने. सियावरेलाला 2011 मध्ये 28 वर्षांची शिक्षा झाली, आणि राज्याच्या सुप्रीम कोर्टाने हजारो पोरांवरचे निकाल रद्द केले. तेवढ्याने त्या पोरांची शाळेतली वर्षं परत आली नाहीत हे वेगळं सांगायला नको.

कंपन्या या गोष्टी लपवतात असंही नाही. शेअर बाजारात असल्यामुळे त्यांना वार्षिक रिपोर्टमध्ये धंद्याला धोका कशाचा ते लिहावं लागतं, आणि करेक्शन्स कॉर्पोरेशनच्या रिपोर्टमध्ये वर्षानुवर्षं स्वच्छ लिहिलेलं असायचं की कायद्याची अंमलबजावणी सैल झाली, शिक्षा सौम्य झाल्या, पॅरोल सोपा झाला किंवा काही गोष्टी गुन्हा राहिल्या नाहीत तर मागणी घटू शकते. मागणी! ऑगस्ट 2016 मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने केंद्राचे कैदी खाजगी तुरुंगात ठेवणं हळूहळू बंद करू म्हटलं तेव्हा करेक्शन्स आणि जिओ या दोन्ही मोठ्या कंपन्यांचे शेअर एका दिवसात एक तृतीयांशाहून जास्त पडले, नोव्हेंबरात ट्रम्प निवडून आल्यावर करेक्शन्सचा शेअर एका दिवसात 40 टक्क्यांच्या वर उसळला. गुन्हेगारी तीच होती की मधल्या काळात.

आता दुसऱ्या बाजूचंही बोलतो नाहीतर म्हणाल एकांगी लिहिलं. अमेरिकेतले फक्त 8 टक्क्यांच्या आसपास कैदी खाजगी तुरुंगात आहेत, त्यामुळे तिथले तुरुंग भरले ते या कंपन्यांनी भरले असं म्हणणं साफ चूक. कॅलिफोर्नियात 1994 च्या थ्री स्ट्राइक्स कायद्यामागे (तिसऱ्या गुन्ह्याला फार मोठी शिक्षा देणारा कायदा) सरकारी गार्ड लोकांची युनियन स्वतःचे पैसे ओतून उभी होती, म्हणजे जास्त कैद्यात हितसंबंध सरकारी नोकराचेही असतात. अलाबामाचे तुरुंग सरकारीच आहेत आणि तिथली हिंसा इतकी की 2020 मध्ये केंद्राच्या न्याय खात्यानेच त्या राज्यावर केस टाकली. सरकारी म्हणजे चांगला असं कुणी म्हणूच नये. पण सरकारी तुरुंग वाईट चालला तर निदान त्यातून कुणाला डिव्हिडंड मिळत नाही, आणि कागद मागायचा हक्क असतो, कंपनीकडे कागद मागा तर व्यावसायिक गुपित म्हणून पुष्कळदा दार बंद. स्थलांतरितांना डांबून ठेवायच्या अमेरिकेतल्या केंद्रांची गोष्ट तर अजून वेगळी, तिथे बहुतांश लोक खाजगी जागेतच असतात, 8 टक्क्यांचा आकडा तिथे लावू नका.

आणि ही काही नवी आयडिया पण नाही. 1773 मध्ये जॉन हॉवर्ड इंग्लंडातल्या बेडफर्डशायरचा शेरीफ झाला तर त्याला दिसलं की जेलरला पगारच नाही, तो कैद्यांकडून फी घेऊन पोट भरतो, आणि कोर्टाने निर्दोष सोडलेली माणसं फी भरता येत नाही म्हणून आतच. अमेरिकेच्या दक्षिणेत यादवी युद्धानंतर राज्यं कैदी, बहुतेक काळे, खाणींना आणि मळ्यांना भाड्याने द्यायची, माणसं पटापट मरायची, मेला तर दुसरा मिळायचा. अलाबामात ते 1928 पर्यंत चाललं. पगारी सरकारी तुरुंग ही व्यवस्था या सगळ्याला कंटाळूनच आली.

इस्रायलच्या सुप्रीम कोर्टाने 2009 मध्ये तर खाजगी तुरुंगाचा कायदा 8 विरुद्ध 1 असा रद्दच केला, तुरुंग तयार होत आलेला असताना. मजा म्हणजे त्यांनी सोयी वाईट असतील असं धरलंच नाही, सोयी चांगल्या असल्या तरी माणसाला कोंडायचा अधिकार नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीकडे देणं हाच त्याच्या प्रतिष्ठेला धक्का आहे म्हणाले. मला हा मुद्दा पटतो, पण तुम्हाला नाही पटला तरी चालेल, वरचा पेमेंटचा मुद्दा त्यावर अवलंबून नाही.

मग पेमेंटच बदललं तर? न्यूझीलंडने ऑकलंड साउथच्या तुरुंगात ते करून पाहिलंय, सुटलेले कैदी सरकारी तुरुंगातल्यांपेक्षा कमी प्रमाणात परत गुन्ह्यात सापडले तर कंपनीला बोनस. हमीच्या कलमापेक्षा हे शंभरपट बरं. तरी माझी शंका राहते, कारण बोनस हा वरचा पैसा आहे, रोजचा पगार-भाडं अजून खाटेतूनच येतं. त्यामुळे कुठलाही प्रस्ताव तुमच्यासमोर आला तर एवढं विचारा की खाट रिकामी राहिली तर पैसे कोण भरणार, आजारी कैदी नाकारायची मुभा आहे का, गार्ड कमी पडले तर दंड किती आणि तो मोजणार कोण, कंपनीचंच रजिस्टर बघून मोजणार असतील तर आयडाहो आठवा, आणि मधेच कंत्राट मोडलं तर ती माणसं ठेवायला सरकारकडे स्वतःची जागा शिल्लक आहे का.