रिकम्बंट सायकलला (मागे रेलून बसून चालवायची सायकल) मागे २६ ऐवजी २० इंची चाक बसवता येईल का?

डिस्क ब्रेक असतील तर येईल. रिम ब्रेक (ज्यांचे पॅड चाकाच्या रिमवर दाबतात) असतील तर नाद सोडा: २६ इंचीच्या ५५९ मिमी व्यासाच्या रिमच्या जागी २० इंचीची ४०६ मिमीची रिम आली की ती ब्रेक पॅडपासून साधारण ७६ मिमी आत जाते, तेवढे पॅड सरकतच नाहीत. आणि नुसतं '२० इंची' म्हणून टायर घेऊ नका, त्यात मुख्यतः ४०६ आणि ४५१ अशी दोन मापं आहेत, एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही.

गिअर जवळपास २४ टक्के हलके होतील. चढाला मजा, पण सपाटीवर पाय नुसते गरगर फिरतील; ५२ दात्यांच्या चेनरिंगची (पेडलजवळचं दातेरी चक्र) भरपाई करायला ६८ ची लागेल. मागची बाजू खाली बसल्याने हँडलही जड वाटेल. लांब पिंजऱ्याचा डिरेलर (मागच्या चाकाजवळ लोंबणारा, चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) जमिनीला घासतो का, तेवढं आधी मोजा.