भुतं, भोपळा आणि कोल्हापुरी चप्पल

ऑक्टोबरच्या पत्रांत एरवी दिवाळी अंकांची चौकशी असते. यंदा गठ्ठा उघडला तर वरची चार पत्रं भुतांचीच निघाली. बाकीच्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत दम धरावा.

मुलगी नऊ वर्षांची, चौथीत आहे. ३१ ऑक्टोबरला शाळेत हॅलोविन आहे. तिला चेटकिणीचा पोशाख हवाय आणि ‘भीती वाटेल असं’ पुस्तकही. सासूबाई म्हणतात, ऐन दिवाळीच्या दिवसांत घरात भुतंखेतं कशाला? कुणाचं ऐकू?
– एक आई, राजारामपुरी

आधी सासूबाईंचं बघू. त्यांना एवढंच विचारा, नरकचतुर्दशीला पहाटे पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडतो तेव्हा आपण कुणाला चिरडतो? नरकासुरालाच की. २०२४ साली तर नरकचतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी, ३१ ऑक्टोबरला आले होते. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती संतांचा दिवस, त्याच्या आदल्या रात्रीचं नाव हॅलोविन. त्याच्याही आधी आयर्लंड-स्कॉटलंडकडं सुगी संपून हिवाळा लागताना सॉविन नावाचा सण असायचा. त्या रात्री मेलेली माणसं फिरकून जातात अशी समजूत. सर्वपित्रीला कावळ्यासाठी पान ठेवून वाट बघणाऱ्यांना यात परकं काही वाटायला नको. तिकडं आधी सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. माणसं अमेरिकेत गेली, तिथं भोपळा सापडला, मोठा आणि कोरायला सोपा, म्हणून भोपळा.

भोपळा तर आपलाही आहे. ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ एकदा नीट आठवून बघा. एकटी म्हातारी, जंगलाची वाट, आणि भेटेल तो ‘तुला खातो’ म्हणणार. मांडीवर बसून ऐकली म्हणून आपल्याला ती भीतीची गोष्ट वाटली नाही, एवढंच.

पुस्तक म्हणाल तर रोआल्ड डालचं ‘द विचेस’, १९८३ सालचं. इंग्रजी सोपं आहे, तरी पहिले दोन दिवस शेजारी बसा. यातल्या चेटकिणी टोपी घालून झाडूवर उडत नाहीत. चारचौघींसारख्या बाजारात फिरतात. ओळखायच्या खुणा वेगळ्या: नखं लपवायला हातमोजे, टक्कल लपवायला केसांचा टोप, आणि पायाला बोटंच नाहीत. माझ्याकडं शनिवारी पुस्तकं न्यायला पोरं येतात. हे पुस्तक वाचून झालेली एक मुलगी मला म्हणाली, “बाई, मग चेटकीण कोल्हापुरी चप्पल घालूच शकणार नाही. अंगठा कशात घालणार?” त्या दिवशी दारात चप्पल काढणाऱ्या प्रत्येकीचे पाय ती वाकून वाकून बघत होती. माझेही बघितले.

दोन गोष्टी आधी सांगून ठेवते. गोष्टीतला मुलगा उंदीर होतो तो पुन्हा माणूस होत नाही. काही पोरांना ते फार लागतं, तेव्हा शेवटची दहा पानं तुम्ही आधी वाचा. दुसरं, या गोष्टीत सगळ्यात शूर कोण असेल तर आजी. नॉर्वेची आहे. सासूबाईंनाच वाचून दाखवायला सांगा. फक्त ती आजी सिगार ओढते, ते त्यांच्या कानावर आधीच घाला.

नातू तेरा वर्षांचा. विक्रम-वेताळ त्याला ‘बारक्या पोरांचं’ वाटतं. भुताला हसतो. मराठीतलं खरोखर भीतीचं काय द्यावं?
– एक आजोबा, शिवाजी पेठ

भुताला हसणाऱ्या पोरांचा मला एक अनुभव आहे. तेव्हा मी एका शाळेचं ग्रंथालय सांभाळत होते. जुलैचा पाऊस, लाईट गेलेली, सातवीचा वर्ग माझ्याकडं आलेला. मी मुंज्याची गोष्ट सांगायला घेतली आणि रंगात येऊन बोलून गेले की, तो पिंपळ म्हणजे आपल्या मागच्या गल्लीतलाच. शाळा सुटली. सगळी पोरं गेली, पण गोष्टभर “ह्यॅ, हे कसलं भूत!” म्हणणारा एक जण दारात बसून बुटाची नाडीच बांधत होता. सोडायचा, परत बांधायचा. शेवटी एका छत्रीतून मी त्याला घरी सोडायला निघाले. पिंपळ आला तसं त्यानं काही न बोलता माझ्या पदराचं टोक धरलं. दारात त्याची आजी. “बाई, पोराला शिकाय धाडतोय आम्ही, भ्या दावायला न्हवं.” मी मान खाली घालून परत आले.

या पोरानं माझ्याच कपाटातली डझनभर इंग्रजी भुताची पुस्तकं फस्त केली होती आणि एकदाही दचकला नव्हता. का दचकेल? इंग्रजी भूत तळघरात नाही तर धुराड्यात राहतं. मंगळवार पेठेतल्या पोरानं धुराडं बघितलंय कुठं? मराठी भूत मात्र पिंपळावर, आडात, नाही तर रात्री दाराबाहेरून आईच्या आवाजात हाक मारतं. म्हणून माझा सरळ हिशेब असा: भित्र्या पोराला परदेशातलं भूत द्यावं, फुशारकी मारणाऱ्याला गावातलं.

तुमच्या नातवाला नारायण धारप (१९२५–२००८) द्या, पण सुरुवात ‘समर्थ’ कथांपासून. त्यांत वाईट शक्तींशी झुंजणारा समर्थ हा माणूस असतो, त्यामुळे घाबरलेल्या वाचकाला धरायला खांब मिळतो. रत्नाकर मतकरींच्या (१९३८–२०२०) गूढकथा त्यानंतर, आणि त्याही तुम्ही निवडून द्या. त्यांच्याकडं पुष्कळदा भुताची गरजच पडत नाही, माणूस पुरतो. ते तेराव्या वर्षी झेपेलच असं नाही. गंमत म्हणजे ‘अलबत्या गलबत्या’ हे बालनाटकही त्यांचंच. त्यातल्या चिंची चेटकिणीवर आपली पोरं हॅलोविनचं नाव ऐकायच्या कितीतरी आधीपासून थेटरात ओरडत आलीत.

विकत घ्यायची घाई करू नका. १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आपल्या कोल्हापुरात आहे. नातवाला घेऊन जा आणि कपाटातून त्यालाच काढू दे.

सातवीच्या वर्गाला भुताची गोष्ट वाचून दाखवायची आहे. पालकांची तक्रार मात्र नको.
– एक शिक्षिका, कागल

ऑस्कर वाइल्डची ‘द कँटरव्हिल घोस्ट’, १८८७ सालची. लेखक १९०० साली वारला, त्यामुळं हक्कांची भानगड नाही. वर्गापुरता मराठी अनुवाद तुम्हीच करा, पोरांना करायला लावलात तर आणखी छान.

इंग्लंडातला जुना वाडा एक अमेरिकन कुटुंब भुतासकट विकत घेतं. पुस्तकांच्या खोलीत शेकोटीजवळ १५७५ सालचा रक्ताचा डाग. मोठा मुलगा डाग काढायची कांडी आणतो आणि घासून टाकतो. सकाळी डाग परत. पुन्हा घासतो, पुन्हा परत. रात्री साखळ्या खळखळवत भूत निघालं, तर घरमालक दार उघडून शांतपणे सांगतो, साखळ्यांना तेल लावा हो, झोपमोड होते. जुळी पोरं उशी फेकून मारतात. बिचाऱ्याची पार रया जाते. दहाव्या मिनिटाला सगळा वर्ग भुताच्या बाजूनं होतो.

मग डागाचा रंग बदलायला लागतो. एके दिवशी तर चक्क हिरवागार! इथं मी पुस्तक मिटायची आणि विचारायची, का झालं असेल असं? एका वर्षी मागच्या बाकावरून उत्तर आलं, “शेवाळ, बाई. पंचगंगेचं पाणी शिरलं असणार.” ज्या पोरांनी घरात पुराचं पाणी बघितलंय त्यांना दुसरं काय सुचणार! खरं कारण असं की, भूत घरातल्या मुलीची रंगपेटी चोरून डाग रंगवत असतं आणि त्यातले लाल रंग संपलेले असतात.

शेवटचा भाग हळवा आहे. त्याला वेगळा तास ठेवा. हसण्याच्या भरात उरकू नका.

मी पाचवीत आहे. मला भुताची पुस्तकं खूप आवडतात, पण वाचल्यावर रात्री बाथरूमला जाता येत नाही. आई म्हणते, पुस्तकं बंद. काय करू?
– एक वाचक, रुईकर कॉलनी

तू ‘गूसबम्प्स’ वाचत असणार, असा माझा अंदाज. आर. एल. स्टाईननं ती पुस्तकं १९९२ पासून लिहिली आणि त्यात एक लबाडी आहे. प्रकरण संपतं ते नेमकं कुणीतरी दार ढकलतं तिथं, नाही तर खांद्यावर हात पडतो तिथं. तू प्रकरण संपलं म्हणून पुस्तक मिटतोस आणि तो हात रात्रभर तुझ्याच खांद्यावर राहतो. म्हणून प्रकरणाच्या शेवटी कधी थांबू नकोस. पुढची दोन-तीन पानं वाच, हात मांजराचा नाही तर मित्राचा निघाला की तिथं खूण घाल आणि झोप.

जेवणानंतर भुताचं पुस्तक हातात नको, ते शाळेतून आल्यावर वाच. आईला हे पत्र दाखव. आणि बाथरूमला जाताना सरळ लाईट लावून जा. मी अजून लावते.