४० मिनिटांच्या लोकनाट्यात गण-गवळण-बतावणी-वग हा क्रम पाळावाच लागतो का? सोंगाड्याला नेमकं काम काय द्यावं?

क्रम पाळा, पण वेळ सारखी वाटू नका. पूर्वी तमाशा रात्रभर चालायचा, तुमच्याकडे ४० मिनिटं आहेत. मी असं मांडेन: गण ३, गवळण ८, बतावणी (विनोदी सवाल-जवाब) ४ आणि उरलेली २५ वगाला, म्हणजे मुख्य कथानाट्याला.

गण म्हणजे गणपतीला वंदन. ढोलकी, हलगी, तुणतुणं, झांज आणि मागं सूर धरणारे झीलकरी. दोन कडवी पुरेत. गवळणीत राधा आणि गवळणी मथुरेच्या बाजाराला निघतात, कृष्ण आणि पेंद्या वाट अडवून दाण, म्हणजे जकात मागतात, गवळणींची म्होरकी मावशी भांडते. मावशी पुरुषच करतो. तिथं नट साडी सावरण्यातच हशे शोधू लागला की गवळण लांबते आणि वग उपाशी राहतो. मावशीला एकच काम द्या: दह्यादुधाचा हिशेब. विनोद आपोआप येतो.

आता सोंगाड्या, म्हणजे वगातला विनोदी नट. 'गाढवाचं लग्न'मधला सावळ्या कुंभार आठवा, सगळा वग त्याच्याभोवती फिरतो. तरी नवखे लेखक एक चूक हमखास करतात: सगळे विनोद त्याच्या तोंडी घालतात आणि प्रधानाला नुसता उभा करतात. खरं तर सोंगाड्याचा हशा प्रधान पिकवतो. हे बघा, इथं सोंगाड्या शिपाई झालाय:

राजा: शिपाई, राज्यात शांतता आहे का?
सोंगाड्या: शांता हाय की म्हाराज, पर ती म्हायेरी गेलीया.
प्रधान: अरे शांता नव्हे, शांतता!
सोंगाड्या: ती व्हय? ती मागल्या इलेक्शनपास्नं दिसली न्हाई.

पहिला हशा हलका, खरा टोला चौथ्या ओळीत. प्रधानाची ओळ काढून बघा, टोला हवेत जातो. ती त्यानं गंभीरपणेच म्हणायची. तोच हसला तर संपलं. म्हणून माझ्या मते सोंगाड्याच्या आधी प्रधान निवडावा.

राजा मूर्ख असला तरी दुष्ट करू नका. दुष्ट राजाला सोंगाड्या उलटं बोलला की ते बंड होतं, मग नाटकाचा बाजच बदलतो.

नेपथ्याच्या भानगडीत पडू नका. 'चला प्रधानजी, जंगलात' म्हणायचं, रंगमंचावर एक फेरी मारायची, ढोलकी वाजते, आलं जंगल. मात्र संवाद सुरू होताना ढोलकी पूर्ण थांबली पाहिजे. बारीक ठेका चालू ठेवला तर मागच्या रांगांना शब्दच कळत नाहीत.

ताज्या घडामोडींवरच्या कोट्या संहितेत लिहू नका, दोन-तीन जागा मोकळ्या सोडा. पण प्रत्येक जागेची शेवटची ओळ पक्की ठरवा, नाहीतर ढोलकीवाल्याला थाप कधी मारायची ते कळत नाही आणि सोंगाड्या बोलतच राहतो.