टेल, टेपे आणि आपली पांढर

प्रश्न असा आलाय की तुर्कस्तानातल्या झियारेत टेपेच्या उत्खननावर मराठीत लिहायचंय, तर 'टेल' आणि 'टेपे' (जुन्या वस्त्यांचे थर साचून झालेल्या उंचवट्यांना पुरातत्त्वात हे शब्द वापरतात) दोन्हीला 'टेकडी' म्हटलं तर चालेल का. माझ्या मते टेपेला चालेल, टेलला नाही.

टेपे तुर्की शब्द, अर्थ सरळ टेकडी, मग ती मुळातली असो नाहीतर माणसांनी घडवलेली. (आणि झियारेत म्हणजे आपल्याकडे दर्ग्याला जातात ती जियारत.) टेल मात्र अरबी, आणि त्याचा सख्खा भाऊ खुद्द असिरियन लोकांच्या (आजच्या उत्तर इराकातलं प्राचीन साम्राज्य त्यांचं) अक्कडियन भाषेत सापडतो, 'तिल्लु', म्हणजे पडक्या गावाचा ढिगारा. त्यांचे राजे लेखांमधून फुशारकी मारायचे की अमुक शहराचा मी पार तिल्लु करून टाकला. त्यातलाच असुरनासिरपाल दुसरा, याने इ.स.पू. 882 मध्ये टायग्रिसकाठी तुशहान नव्याने वसवलं, सुभ्याचं ठाणं केलं, आणि आता त्याच तुशहानचा तिल्लु झालाय, तोच हा झियारेत टेपे.

मग टेलला मराठीत काय? पांढर! काळी म्हणजे कसायची जमीन आणि पांढर म्हणजे वस्तीची जागा, हे खेड्यात कुणालाही विचारा. मातीच्या भिंती पडायच्या, त्यावरच परत घर, चुलीची राख, शेण, कचरा, असं पिढ्यानपिढ्या साचत जागा उंच होते आणि माती पांढुरकी. टेल अस्साच बनतो, झियारेत टेपेला कच्च्या विटांच्या घरांचे थर चढत चढत बावीसेक मीटर उंची झाली. रंग तिथे आपल्यासारखा उठून दिसेलच असं नाही, म्हणून मी नुसतं पांढर न म्हणता 'पांढरीचं टेकाड' लिहीन. बरं, पायथ्याचं खालचं शहर तर शेतांखाली गेलेलं, म्हणजे पांढरीवर काळी आली.

अजून एक, 'परित्यक्त नगर' वगैरे कृपया नको, सरळ 'उठलेलं गाव' लिहा. इ.स.पू. 612 च्या आसपास असिरियन साम्राज्य कोसळत असताना तुशहानमधल्या मन्नु-की-लिब्बाली नावाच्या अधिकाऱ्याने मातीच्या पाटीवर लिहिलेलं पत्र सापडलंय, त्यात तो म्हणतो लिहिणारे नाहीत, तांबट नाहीत, लोहार, सुतार, विणकर, धनुष्यं-बाण करणारे कुणीच उरलं नाही, मी हुकूम तरी कुणाला सोडू, आता मरणच.