उताणा पडला म्हणजे मेला नाही

पाळलेला टॅरँट्युला (मोठा केसाळ कोळी) डब्यात उताणा दिसला म्हणून काहून घाबरतो भाऊ? तो उताणा पडला म्हणजे कात टाकतोय. मरायला टेकलेला बहुधा पाय पोटाखाली मुडपून बसतो. डबा हलवू नको. आत सोडलेला जिवंत नाकतोडा आधी काढ, नाहीतर तोच याला कुरतडेल. आपल्याकडं मे महिन्यात ४५ अंशांची कोरडी झळ. पाण्याची वाटी भरलेली ठेव, कोकोपीट (डब्यात तळाशी घातलेला नारळाच्या काथ्याचा भुसा) एका कोपऱ्यात ओलं कर. अंगावर फवारा नको. पाय कातीत अडकलाच, तर मऊ ब्रशनं तेवढ्याच जागी कोमट पाणी लाव, ओढू नको. माझ्या घाईत माझ्याकडच्या एका मादीचा पाय गेला होता (पुढच्या दोन कातींत परत आला म्हणा). कात टाकल्यावर त्याचे सुळे पांढरे आहेत तोवर खायला काही नाही. पूर्ण काळे झाले की दे.