मागचे पाटे वाढवण्याआधी

भावा, मालगाडीला मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग) वाढवू की एअर बॅग (हवा भरायची स्प्रिंग) लावू, असं विचारलंस. तासगाव-सांगली रोज बेदाणाच ओढायचा आणि गाडी सहसा रिकामी नसायची, तर एअर बॅगच्या नादी लागू नकोस. ज्याचा लोड कमी-जास्त होतो त्याला ती बरी. हवा भर, हवा सोड. तू पाटाच वाढव. पण आधी भरलेली गाडी काट्यावर घाल, मागच्या ॲक्सलवर किती येतंय ते बघ. मग सपाट जागी लावून पाट्यांची कमान बघ. सरळ झालेत की उलटे वाकलेत? जुने बसलेले असतील तर नुसता एक नवा घालून भागत नाही, त्याच्यावरच जास्त ताण येतो. पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू बोल्ट नवेच घे, थोडं चालवून पुन्हा आवळ. आणि पाटा वाढला म्हणून पासिंग, म्हणजे गाडीच्या कागदावरची वजनाची मर्यादा, वाढत नाही हं. ब्रेक, टायर तेच राहतात.